ज्वारीच्या डब्यातलं राज्य

परीक्षा आल्या की माझं डोकं फिरतं. परीक्षा पोरांच्या, माझ्या नव्हेत. मी आता शाळेत शिकवते आणि पेपर वाटणाऱ्यांच्या बाजूला उभी असते. तरी फेब्रुवारी लागला, गल्लीतले डीजे बंद पडले, दुपारी मागांची खटखट तेवढी ऐकू यायला लागली, की मला राग यायला लागतो. कुणाचा राग, ते विचारू नका. यादी मोठी आहे आणि तिच्यात पहिलं नाव माझंच आहे.

गेल्या आठवड्यात पेपरच्या आधी पोरांचे मोबाइल जमा करून एका खोक्यात ठेवले होते. आत पोरं लिहीत होती, बाहेर व्हरांड्यात मी आणि आमचे एक सर राखण करत बसलो होतो. आणि खोक्यातून तुतारी वाजली. तीन वेळा, लांब, शेवटी जराशी चिरकी. मी खुर्चीतून उठलेच. नऊ वर्षांनी ऐकली, पण ती तुतारी मी झोपेतसुद्धा ओळखेन. कुणाचं तरी राज्य संकटात होतं.

सर हसले. म्हणाले, "बघा मॅडम, इकडं बोर्डाचा पेपर आणि उधर साहब का महल. या पोरांचं काही खरं नाही."

मी म्हटलं, "सर, ते राज्य पोराचंच आहे हे कशावरून? त्याच्या आईचंही असेल."

मला ऊन लागलंय की काय, असं सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढं केली. मी पाणी प्यायले. काय सांगणार त्यांना? माझ्या आईचं एक राज्य होतं आणि ते मी बुडवलं. शत्रूनं नाही, दुष्काळानं नाही. मी, एका बोटानं.

तेव्हा मी बारावीत होते. घर हेच, बुऱ्हाणपुरातल्या लोधीपुऱ्यातलं. बाबा कागदाच्या मिलमध्ये. सकाळची बस धरायची आणि दिवस कलल्यावर परतायचं. परीक्षेला महिना उरला तसा बाबांनी हुकूम सोडला, की वैशूचा मोबाइल काढून घ्या. हुकूम बाबांचा, अंमल आईचा. आमच्याकडे सगळंच तसं. आईनं मोबाइल घेतला आणि ज्वारीच्या डब्यात, दाण्यांच्या खाली पुरून टाकला. तिथं मी हात घालणार नाही याची तिला खात्री होती. खरंच होतं ते. स्वयंपाकघरातल्या कुठल्याच डब्यात तेव्हा मी हात घालत नव्हते.

त्या मोबाइलात एक खेळ होता. जुन्या काळातलं, कुठल्याशा गोऱ्या मुलखातलं राज्य. सुरुवातीला रिकामा माळ आणि चार झोपड्या मिळायच्या. मग लाकडं तोडायची, शेतं पाडायची, विहीर खणायची, लोकांना कामं वाटून द्यायची, वस्ती वाढली की तटबंदी आणि किल्ला. आपण बघो न बघो, आतलं राज्य चालूच राहायचं. धान्य संपत आलं किंवा शेजारचा राजा चालून आला की तुतारी वाजायची. भाषा हिंदी होती, पण अशी हिंदी आमच्या बुऱ्हाणपुरात कुणी जन्मात बोललं नसेल. 'महाराज, अन्न भंडार रिक्त होने को है.' हे वाचून मी आणि माझ्या मैत्रिणी लोळून हसायचो.

एका दुपारी डब्यातून तुतारी वाजली. मी आतल्या खोलीत रसायनशास्त्र घोकत होते, मला पत्ता नाही. आई भाकरी थापत होती. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं. पिठाच्याच हातानं तिनं डबा उघडला, फोन वर काढला, चार्जिंगच्या भोकात अडकलेला दाणा सुईनं काढला, आणि आवाज बंद करायला म्हणून पडद्याकडं पाहिलं. तिथं लिहिलं होतं, 'महाराज, प्रजा भूखी है.'

आता कुणी भुकेलंय असं वाचल्यावर माझी आई फोन परत डब्यात टाकेल? शक्य आहे का? बाईंनी तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला आणि खाली बसल्या.

माझं राज्य तिला मुळीच आवडलं नाही. "काय ते गाव वसवलंस गं! विहीर एका टोकाला अन् शेत दुसऱ्या टोकाला. बायांनी काय दिवसभर पाणीच वाहावं काय?" दापोरा तिचं माहेर, तिथं केळीला पाणी कसं फिरवतात ते पाहतच वाढलेली. दोन दिवसांत तिनं खेळातल्या दुसऱ्या जागेवर स्वतःचं राज्य मांडलं. विहीर आधी, तिच्याभोवती घरं, मग शेतं. तट सगळ्यात शेवटी. "आत काही असेल तर त्याला भिंत घालायची ना? तुम्ही लोक आधीच किल्ले बांधून राह्यले." केळी लावायची सोय नाही म्हणून मात्र ती त्या खेळावर शेवटपर्यंत चिडून होती. कसलं मेलं राज्य, केळ नाही ते.

आणि मला काय दिसत होतं? तर आई मधूनच दारात उभी राहते आणि भलतंच काहीतरी विचारते.

"वैशू, एक सांग. लाकूडतोड्याला शेतावर धाडलं तर तो जातो की नही?"

"कोण लाकूडतोड्या?"

"असंच गं. पाठ कर तू."

दुसऱ्या दिवशी, "वैशू, नदीवर पूल बांधायला दगड लागतो की लाकूड?" मी वैतागून म्हणाले, "आई, माझा परवा पेपर आहे!" ती लगेच मागं सरली. "बरं बरं. पाठ कर, पाठ कर." अख्खा महिना तिनं ते राज्य असं माझ्या धड्यांच्या फटीतून चालवलं. मी एकदाही मान वर करून विचारलं नाही, की आई, कसला पूल गं?

मग कापसाची गोष्ट. ती आठवली की आधी हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते.

एक दिवस आईच्या राज्यात सगळी शेतं पांढरी झाली. रानं, बांध, कडेची झाडं, सगळं पांढरंफेक. आईला आनंद झाला. कापूस फुटला! तोही असा, की दापोऱ्यात कुणी पाहिला नसेल. फुटलेला कापूस रानात ठेवून चालत नाही, वारं सुटलं की गेला. तिनं लाकूडतोडे बोलावले, गवंडी बोलावले, तटावरचे शिपाई खाली उतरवले आणि सगळ्यांना वेचणीला शेतात धाडलं. घराघरातलं जळण संपत आलं तरी कुणाला लाकडं तोडायला सोडलं नाही. तुतारी वाजत राहिली आणि ती म्हणत राहिली, थांबा रे बाबांनो, एवढी वेचणी होऊ द्या.

तो बर्फ होता. निम्मं गाव थंडीनं मेलं.

आता तुम्हीच सांगा, तापीकाठच्या बाईनं बर्फ कधी बघितलाय? उसाच्या रसातला बघितलाय, लग्नात मठ्ठ्याच्या पिंपातला बघितलाय. रानावर पडणारा बर्फ तिला कोण दाखवणार होतं? तिला पांढरं शेत म्हणजे एकच गोष्ट ठाऊक होती आणि तिनं ती बरोबर केली. चूक त्या खेळ बनवणाऱ्यांची, ज्यांना वाटतं की साऱ्या जगावर त्यांच्याच गावचं हवामान असतं. मी हे वर्गात एकदा भूगोल शिकवताना बोललेसुद्धा. पोरं हसली. हसू देत.

त्या संध्याकाळी जेवायला नुसतं वरण-भात होतं आणि वरणाला फोडणी नव्हती. बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "अगं, फोडणी विसरलीस की काय?"

"विसरले," आई म्हणाली.

माझी आई फोडणी विसरत नाही. आमच्याकडे घरात कुणी गेलं तरच बिनफोडणीचं जेवतात. मी समोर बसले होते, जेवत होते, आणि डोक्यात उद्याचा पेपर. पुढं कितीतरी दिवसांनी मला ते वरण आठवलं आणि कळलं, की त्या दिवशी आमच्या घरात सुतक होतं आणि ते एकट्या आईनं पाळलं.

ती मला सापडली गणिताच्या पेपरच्या दिवशी. मी दुपारी लवकर घरी आले. आई उंबऱ्याजवळ उजेडाला बसली होती, चष्मा नाकावर, ज्वारीचा डबा मांडीशी, हातात माझा फोन. मला बघून दचकली नाही. उलट हातानं थांब म्हणून खूण केली. "थांब, पूल होऊ दे. चार बर्फ झाले, आता कुठं होऊन राह्यला."

मी हसले. पोट धरून हसले. आणि रात्रीच्या जेवणापर्यंतही दम निघाला नाही, बाबा पायातल्या चपला काढत होते तोवर सांगून मोकळी. बाबांनी मिलमध्ये सांगितलं. मग गल्लीत झालं. रंगपंचमीला जो येईल तो ओट्यावरूनच ओरडायचा, "महाराज, चहा मिळेल काय?" बाबा म्हणायचे, "आमच्याकडं बाईमाणूस राज्य करतं, आम्ही प्रजा." आईसुद्धा हसायची आणि चहा टाकायला आत जायची.

मला आज त्या हसण्याचा भयंकर राग येतो. बाबा दर रविवारी कोपऱ्यावर पत्ते कुटत बसायचे, जेवायला तीनदा बोलावणं धाडावं लागायचं, त्याला नाव काय? तर विरंगुळा. माणूस आठवडाभर राबतो, त्याला जरा विरंगुळा नको का? आणि आई घटकाभर फोन घेऊन बसली तर ते खूळ. या वयात! पोरीची परीक्षा सोडून! अहो, पोरीच्या परीक्षेसाठी डबे भरणारी, दूध तापवणारी, घरात पायांचा आवाज होऊ न देणारी तीच होती की. तिनं स्वतःला दिवसातली अर्धी घटका घेतली, तर सगळ्या गल्लीला ती मोजायचा हक्क मिळाला.

शेवटचा पेपर झाला आणि मोबाइल माझ्या हातात परत आला. सुट्टी लागली होती. मला नवं राज्य सुरू करायचं होतं आणि खेळात जागा दोनच. उघडलं तर एका जागी माझं, विहीर एका टोकाला आणि शेत दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या जागी एक भलंमोठं राज्य, नदी, नदीवर पूल, आणि वर नाव: यमुना.

मला वाटलं, खेळाबरोबर फुकट आलेलं नमुन्याचं असेल. आई माझ्याच राज्यात बोटं घालत असणार असं मी धरून चालले होते. तिचं वेगळं काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे बघा. ती पूल म्हणाली होती, मी कानांनी ऐकलं होतं, पूल समोर दिसत होता, तरीही आलं नाही.

मी बोट दाबून धरलं. खेळानं विचारलं, 'क्या आप निश्चित हैं, महाराज? यह राज्य सदा के लिए नष्ट हो जाएगा.' एवढ्या जड हिंदीत विचारलं. मी 'हाँ' दाबलं आणि माझं लंगडं राज्य ठेवलं.

दुपारी भांडी आटोपून आई पदराला हात पुसत आली. "दे गं जरा, पाच मिनिटं." मी दिला. तिनं बोट इकडून तिकडं फिरवलं, परत फिरवलं.

"वैशू, ह्यात यमुना होती."

"ती होय? उडवली मी. कोण होती गं ती?"

आई फोनकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कोणी नही." फोन माझ्याकडं दिला आणि आत गेली. थोड्या वेळानं मी पाणी प्यायला गेले तेव्हा ती ज्वारीच्या डब्यात हात घालून दाणे वरखाली करत बसली होती.

मे महिन्यात दापोऱ्याला लग्न होतं, मामाच्या भावकीत. मांडवातून आम्ही मायलेकी विहिरीकडं चाललो होतो. केळीच्या बागेतून एक म्हातारी बाई डोक्यावर पेंडी घेऊन येत होती. तिनं लांबूनच हाक मारली, "यमुने! ए यमुने!"

आणि माझी आई वळली. घरी जिला 'सुनंदा, अगं सुनंदा' अशा तीन हाका लागतात, ती पहिल्या हाकेला वळली आणि चक्क पळत गेली. नऊवारीतल्या त्या म्हातारीला मिठी घालून उभी राहिली.

मी तिथंच बांधावर थांबले. सतरा वर्षं मी या बाईच्या पोटची पोर आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं! मामा तिला अक्का म्हणतो, मामी वन्सं म्हणते, आजोबा पोरी म्हणायचे, आणि बाकी कागदोपत्री सगळीकडं सुनंदा. लग्नात बदललं. आमच्यात पद्धतच आहे. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यावर नवं नाव लिहायचं, सगळ्यांना पेढे वाटायचे. बायका टाळ्या वाजवतात. फोटो काढतात.

परत आल्यावर मी बाबांना विचारलं, "आईचं आधीचं नाव काय होतं?"

बाबांनी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, खोटं कशाला बोलू. मग म्हणाले, "नाही बुवा लक्षात. वीस वर्षं झाली."

"तांदळावर तुम्हीच लिहिलंत ना?"

"नवं लिहिलं. जुनं मी कशाला लिहीन?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कोणत्या तोंडानं बोलणार होते? बाबांनी निदान तांदूळच पुसले होते. मी तर पूल असलेलं, विहीर मधोमध असलेलं, चार बर्फ काढून उभं राहिलेलं जितंजागतं गाव पुसलं होतं.

मी तेव्हापासून त्या खेळाचा पहिला पडदा आठवत आलेय. राज्य मांडायच्या आधी तो विचारतो, 'शासक का नाम?' एवढंच. जन्मात पहिल्यांदा तिला कुणीतरी विचारलं असेल, की बाई, नाव काय लिहू? लग्नात विचारलं नाही, सासरी विचारलं नाही, रेशनकार्डावर विचारलं नाही. विचारलं ते एका फुकटच्या खेळानं, आणि तोही पुढं तिला महाराजच म्हणत राहिला. तिनं पिठाच्या बोटानं य शोधला असेल, म ला उकार दिला असेल. कुणाला सांगितलं नाही, मिरवलं नाही. फक्त लिहिलं. आणि मी विचारते, कोण होती गं ती!

नऊ वर्षं मी तिच्याजवळ यमुनेचा विषय काढला नाही. तीही बोलली नाही. तुतारी वाजली त्या दिवशी मात्र मी शाळेतून तडक घरी आले, आईचा फोन घेतला आणि त्यात तो खेळ उतरवून घेतला. आई आतल्या खोलीत लसूण सोलत होती. मी तिच्यासमोर फोन धरला.

तिनं पाहिलं, ओळखलं. "आता काहून?"

"तुझ्यासाठी."

"मला नको. मेलेलं गाव पुन्हा वसतं काय?" लसणाचं टरफल तिनं जोरात ताटलीत टाकलं. "तेव्हा विचारलं नाहीस. कोण होती म्हणालीस, पण उडवल्यावर. आधी विचारायचं असतं, वैशू. पूल झाला होता. पलीकडच्या काठाला मी पहिलं शेत पाडलं होतं. बर्फात मेली त्यांची पोरं तिकडं राहायला गेली होती."

"चुकलं माझं, आई."

"हो. चुकलंच."

ती एवढं बोलली आणि मला बरं वाटलं. 'जाऊ दे' म्हणाली असती तर मी मेले असते. या घरात ती गेली तीस वर्षं जाऊ देच म्हणत आलीय.

बराच वेळ ती लसूण सोलत राहिली. मी फोन तसाच धरून बसले. शेवटी तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि फोन माझ्या हातातून ओढून घेतला. पडद्यावर तोच प्रश्न होता. मी म्हटलं, "मी लिहू?"

"काही गरज नही. मी लिहीन. तू पाठ कर."

तिनं एकेक अक्षर दाबलं. माळ आला, चार झोपड्या आल्या. तिनं विहिरीसाठी जागा शोधायला सुरुवात केली. बाहेरच्या खोलीतून बाबांची हाक आली. ते आता निवृत्त आहेत, चारला त्यांना चहा लागतो.

"सुनंदा, चहा!"

आईनं विहीर ठेवली, उचलली, जरा डावीकडं ठेवली.

"अगं सुनंदा! ऐकू येतंय का?"

"सुनंदा घरात नही," आई म्हणाली. मान वर न करता, पण बाहेरच्या खोलीत नीट ऐकू जाईल अशा आवाजात.

बाहेर खुर्ची सरकली. मग चपलांचा आवाज स्वयंपाकघराकडं गेला. भांडं पडलं. डबे उघडल्याचे, लावल्याचे, पुन्हा उघडल्याचे आवाज आले.

"साखर कुठं असते?" बाबांनी विचारलं.

मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. आई घरं बांधत होती.